बर्फ कुणाच्या नावावर?

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'प्रवासानुभव' असं लिहिलंय. त्यामुळे काहीजणींना वाटलं असेल, ही आता फोटो दाखवणार आणि मग चहा. फोटो आणलेत. पण आधी थोडं बोलू द्या, कारण मनालीहून परत आल्यापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलाय. तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आपल्या गटातल्या आम्ही नऊजणी मनालीला गेलो. दोन वर्षं भिशी लावून पैसे जमवले होते. कुणाला केरळ हवं होतं, कुणाला राजस्थान. पण 'मरायच्या आधी एकदा बर्फ बघायचा' यावर सगळ्यांचं एकमत झालं. बरोबर नवरे नाहीत, मुलं नाहीत. नऊजणींपैकी चौघी तर आयुष्यात पहिल्यांदाच घरच्या माणसांशिवाय मुक्कामाला बाहेर पडलेल्या. तेवढ्यासाठीसुद्धा असा प्रवास प्रत्येकीने करावा, असं मी म्हणेन.

मनाली हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यात, बियास नदीच्या काठी आहे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर. तिथून तेरा-चौदा किलोमीटर वर गेलं की सोलंगचे उतार लागतात. हिवाळ्यातले बर्फाचे खेळ तिथे चालतात. तिकडे जाताना रस्त्याच्या कडेला ओळीने दुकानं आहेत. प्रत्येकावर नंबर. तिथे बर्फात घालायचे जाड कोट, पँटी, हातमोजे आणि गमबूट भाड्याने मिळतात. आमच्या ड्रायव्हरने त्याच्या ठरलेल्या नंबरापुढे गाडी उभी केली. दुकानातली बाई पुढे आली. चाळिशीची असेल. तिने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बरोबर माझ्या मापाचा कोट काढला. मग जमिनीवर गुडघे टेकून माझ्या पायात बूट चढवले, कारण एवढे कपडे घातल्यावर मला वाकताच येईना. बाहेर चिखल आणि बर्फ, आणि तिच्या हातात मोजे नव्हते.

तिने तीनशे सांगितले. मी दोनशे म्हटलं. अडीचशेला तुटलं. नऊजणींचे मिळून साडेचारशे रुपये वाचवले म्हणून मी गाडीत शाबासकी घेतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलताना मी शहाणी आणि बाकीचे वाईट, असं होणार नाही.

सोलंगला आम्ही दिवसभर होतो. बर्फ पाहिल्यावर आम्ही लहान पोरींसारख्या वागलो, हे कबूल. पण आपल्या गटात इतकी वर्षं काढल्यावर एक खोड लागते बघा. कुठेही गेलं की डोळे आपोआप मोजायला लागतात : कोण काय काम करतंय? पैसे कोण घेतंय? मी मोजत बसले. स्कीइंग शिकवणारे पुरुष. बर्फावरच्या स्कूटर चालवणारे पुरुष. घोडेवाले पुरुष. पॅराग्लायडिंग करवणारे पुरुष. गाड्यांचे ड्रायव्हर पुरुष. आणि बायका? बायका कोट भाड्याने देत होत्या, मॅगी आणि उकडलेली अंडी विकत होत्या, केशराच्या डब्या घेऊन गाडीमागे धावत होत्या. काहीजणी अंगोरा जातीचे पांढरे गुबगुबीत ससे कुशीत घेऊन उभ्या होत्या. ससा हातात घ्या, फोटो काढा आणि द्याल ते द्या. तिथल्या बायका अंगावर लोकरीचा पट्टू नेसतात. तोच पट्टू भाड्याने देऊन फोटोपुरतं पर्यटक बायकांना नेसवायचं, हाही एक धंदा. आमच्यातल्या तिघींनी नेसला. मी पण. तो नेसून दिवसभर पाठीवर गवताचा भारा वाहायचा म्हणजे काय, हे पाच मिनिटांच्या फोटोत कळत नाही.

आता स्कीइंगबद्दल सांगते. दोन लांब पट्ट्या पायांना बांधायच्या, हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि उतारावरून घसरत यायचं. मी अर्धा तास शिकले. शिकवणारा मुलगा माझ्या धाकट्यापेक्षा लहान. तो सांगत होता, 'आंटीजी, पीछे मत झुको.' भीती वाटली की माणूस मागे रेलतं, आणि मागे रेललं की पट्ट्या सुटतात आणि आपण पाठीवर पडतो. गुडघे वाकवून भार पुढे ठेवायचा आणि पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, म्हणजे वेग कमी होतो. मी सात वेळा पडले. आठव्यांदा दहा-पंधरा फूट सरळ आले. त्या पंधरा फुटांचा आनंद काय सांगू!

तिथे १९६१ साली सुरू झालेली सरकारी गिर्यारोहण संस्था आहे. हिवाळ्यात तिचे स्कीइंगचे वर्ग सोलंगला भरतात. मुलीही शिकतात. मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या एर्झुरुम इथे स्लालम शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. स्लालम म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायचं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्कीइंगचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय. पुरुष धरूनसुद्धा पहिली! आणि त्याच्या तीस वर्षं आधी, १९८८ साली, शैलजा कुमार कॅनडातल्या कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरली होती. हिवाळी ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. आपल्यातल्या किती जणींनी ही नावं ऐकली होती? मीही ऐकली नव्हती. परत आल्यावर शोधून वाचली.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली. स्कीवरून उंच उडी मारण्याचा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९२४ पासून आहे. बायकांना त्यात प्रवेश मिळाला २०१४ साली. नव्वद वर्षांनी! का? तर बाईच्या शरीराला, गर्भाशयाला ते झेपणार नाही. २००५ मध्येसुद्धा जागतिक स्की संघटनेचे अध्यक्ष सांगत होते की वैद्यकीय दृष्टीने हा खेळ बायकांना योग्य नाही. त्या खेळाडू मुली गप्प बसल्या नाहीत. २०१० च्या ऑलिंपिकआधी त्या कॅनडात कोर्टात गेल्या. २००९ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की हा भेदभाव आहे. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला आमचा कायदा लागू होत नाही, असं म्हणून त्यांची मागणी फेटाळली. आणि २०२६ च्या इटलीतल्या ऑलिंपिकमध्येही उडी आणि लांब पल्ल्याचं स्कीइंग मिळून जो एक खेळ होतो, तो फक्त पुरुषांसाठीच होता. 'भेदभाव आहे, पण कायदा लागू होत नाही' हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

संध्याकाळी कोट परत करायला गेलो. गाडीचं काहीतरी बिघडलं होतं म्हणून तासभर त्या दुकानातच थांबावं लागलं. पत्र्याची शेगडी पेटलेली होती. त्या बाईने आम्हाला जवळ बसवलं, चहा दिला. चहाचे पैसे घेतले नाहीत. स्वतः विणायला बसली. पायमोजे होते, तळव्यापासून वर रंगीत नक्षीचे. मी विचारलं, हे कुठलं विणकाम? ती म्हणाली, आमच्या लाहौलचं.

लाहौल म्हणजे रोहतांग खिंडीच्या पलीकडचं खोरं. खिंड जवळजवळ चार हजार मीटरवर. हिवाळ्यात ती बंद झाली की पूर्वी लाहौल पाच-सहा महिने जगापासून तुटायचं. त्या दिवसांत बायका घरात बसून लोकर कातायच्या, विणायच्या. मग ३ ऑक्टोबर २०२० ला खिंडीखालून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. आता मनालीहून निघालं की तासा-दीड तासात पलीकडे. आजारी माणसाला हिवाळ्यात दवाखान्यात नेता येतं, बाळंतिणीला नेता येतं. बायकांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! तेव्हा बोगदा वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. पण बोगद्यातून पर्यटकही गेले. सोलंगला बर्फ कमी पडला की गाड्या पलीकडे सिस्सूला जातात. २०२४ चा जानेवारी महिना हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला होता. बर्फाचा असा भरवसा राहिलेला नाही, म्हणून उंचावरच्या जागांना भाव आलाय. जिथे बटाटा आणि वाटाणा पिकायचा, तिथे तंबू, हॉटेलं, 'होमस्टे' उभे राहतायत.

ही बाई तिथलीच. तिच्या माहेरची जमीन रस्त्याला लागून. दोघा भावांनी त्यावर राहण्याच्या खोल्या बांधल्यात. मोसमात ती तिथे जाऊन चादरी धुते, स्वयंपाक करते. मी आपली सवयीने विचारून गेले, 'जमीन में आपका हिस्सा?' ती हसली. म्हणाली, 'हमारे यहाँ लड़की का नहीं होता, दीदी.'

मैत्रिणींनो, तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. आल्यावर आपल्या वकील मैत्रिणीकडून मी सगळं समजून घेतलं. लाहौल-स्पिती आणि किन्नौर हे आदिवासी जिल्हे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलंय की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. म्हणजे तिथे चालतो रिवाज. ब्रिटिश काळात 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दप्तरात तो रिवाज नोंदवून ठेवला, आणि त्या रिवाजात वडिलोपार्जित जमीन मुलांची, मुलीची नाही. किन्नौरच्या रतन मंजरी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका याविरुद्ध वर्षानुवर्षं लढतायत. २०१५ मध्ये हिमाचलच्या उच्च न्यायालयाने म्हटलं, आदिवासी भागातल्या मुलींनाही वारसा कायद्याप्रमाणे हिस्सा मिळेल. दहा वर्षं ही आशा होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कारण तेच : कायदा लागू होत नाही. गंमत अशी, की त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयानेच छत्तीसगडच्या एका आदिवासी स्त्रीच्या वारसांना आजोबांच्या जमिनीत समान वाटा दिला होता. संविधानातल्या समानतेचा आधार घेऊन. म्हणजे वाट बंद नाही. पण प्रत्येक बाईने आपापली वाट कोर्टात जाऊन खोदायची का? २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्र सरकारला सुचवलं होतं की कायद्यात बदल करण्याचा विचार करा. अधिसूचना काढायला काही डोंगर फोडायला लागत नाही. बोगदा खोदता येतो, तर हे का नाही?

आणखी एक आकडा सांगते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुला-मुलींचं प्रमाण बघा. लाहौल-स्पितीत दर हजार मुलांमागे १०३३ मुली. देशात अग्रेसर. आणि आपल्या बीड जिल्ह्यात? ८०७. तिथे मुलीला जन्माला येऊ देतात, वाढवतात, फक्त जमीन देत नाहीत. आपल्याकडे कायद्याने जमीन दिली आणि जन्मच नाकारला. तेव्हा कुणी कुणाला मागास म्हणायचं, हे जरा जपूनच.

तिथले पुरुष म्हणतात, मुलीला जमीन दिली तर ती बाहेर लग्न करेल आणि जमीन परक्यांच्या हातात जाईल. ही भीती खोटी नाही. पर्यटनाच्या गावात जमिनीवर डोळा ठेवून बसलेले पैसेवाले असतातच. पण हिमाचलात १९६८ पासून कायदा आहे : आदिवासीची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. तो कायदा भावालाही आहे आणि बहिणीलाही असेल. लग्नाने प्रश्न येतीलच, तर त्यावर नियम करता येतील. पण जमीन राखायची जबाबदारी फक्त मुलीने हक्क सोडून पार पाडायची, हा कुठला न्याय? भाऊ कर्ज काढून, भाडेपट्ट्याने हॉटेलवाल्याला जागा देतो, तेव्हा कुणी त्याचा जन्म काढतं का?

आता त्या शेगडीपाशी परत येते. मी तिला माझी सगळी भाषणं ऐकवली. बायकांचे हक्क, समान वाटा, आमच्या महाराष्ट्रात १९९४ पासूनच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क आहे, वगैरे. ती ऐकत होती, विणत होती. मग तिने मान वर न करता विचारलं, 'तो आपके नाम पर कितनी ज़मीन है, दीदी?'

आमच्या नऊजणींत एकदम शांतता झाली.

मी तुम्हाला खरं सांगते. १९९८ साली वडील वारल्यावर मी तहसील कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. भाऊ चांगले आहेत. वहिनीने साडी-चोळी केली, पुरणपोळी केली, आईने डोळे पुसले. 'माहेर तुटायला नको' एवढंच सगळे म्हणत होते, आणि मीही तेच म्हणत होते. त्या वेळी मी गटाची कार्यकर्ती होते. आदल्याच महिन्यात मी दोन गावांत याच कायद्यावर बोलून आले होते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या काळात शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या, त्याच्या गोष्टी मी सभांमधून सांगायचे. आणि स्वतःची सही करताना पेन एकदाही थांबलं नाही.

त्या बाईकडे कायदा नव्हता. माझ्याकडे कायदा होता आणि मी तो एका साडीवर देऊन टाकला. आमच्या नऊजणींचा हिशेब त्या रात्री हॉटेलात झाला : पाचजणींनी हक्कसोड केलेली, दोघींच्या माहेरी काही नव्हतंच, एकीचं प्रकरण कोर्टात आणि फक्त एकीच्या नावावर सातबारा. तीही विधवा झाल्यावर.

आणखी एक सांगायचं राहिलं. मनालीच्या आसपास गोशाल आणि इतर काही गावांत मकर संक्रांतीपासून बेचाळीस दिवस देव स्वर्गात जातात, अशी श्रद्धा आहे. तेवढे दिवस गावात देवळाची घंटा वाजत नाही, शेतीचं काम होत नाही, टीव्हीचा आवाजसुद्धा नाही. पर्यटकांचा मोसम भरात असताना गाव असं शांत बसतं, हे मला फार आवडलं. पैशाच्या पुढेही काही असतं, हे त्या लोकांनी जपलंय. आम्ही गेलो तेव्हा तेच दिवस चालू होते. गावातल्या एका म्हातारीला विचारलं, मग तुम्हालाही बेचाळीस दिवस सुट्टी का? ती म्हणाली, देवांना भूक लागत नाही, गाईला लागते.

तेव्हा मैत्रिणींनो, बर्फ बघायला जरूर जा. घसरा, पडा, हसा. पण चार गोष्टी करा. कोट देणाऱ्या बाईशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. मोसम तीन-चार महिन्यांचा असतो आणि बर्फ पडला नाही तर तोही नसतो. राहायचं ठरवताना विचारा, ही जागा कुणाच्या नावावर आहे, पैसे कुणाच्या खात्यात जाणार. पर्यटन कंपनीलाही विचारा. दहाजणींनी विचारलं की अकराव्या वेळी ते उत्तर तयार ठेवतात. दुसरं, आपल्या गटाने केंद्र सरकारकडे अधिसूचनेच्या मागणीचं पत्र पाठवावं, असा ठराव मी आज मांडते. आपल्या राज्यातही आदिवासी बहिणी आहेत आणि ते दुसरं कलम त्यांनाही तसंच लागू आहे. तिसरं, मुलींना खेळू द्या. बर्फ नसला तरी मैदान आहे. आणि चौथं, ज्यांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत, त्यांनी त्या करण्याआधी गटात येऊन बसावं. सही करायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण साडी नेसून, पुरणपोळी खाऊन, रडत रडत नको. कागद वाचून, जमिनीची किंमत समजून ठरवा.

माझी सही आता परत घेता येणार नाही. वकील मैत्रिणीने स्पष्ट सांगितलंय. पण माझ्या मुलीचं नाव घराच्या कागदावर मुलाच्या बरोबरीने लावलंय. मागच्याच आठवड्यात. तिने विचारलं, एकदम हे कुठून सुचलं? मी म्हटलं, मनालीहून.

येताना त्या बाईकडून पायमोज्यांचा जोड घेतला. सांगितले तेवढे पैसे दिले. आता फोटो बघा. ससा घेतलेली ती मीच आहे.